साक्षीदाराचा गाल

माझ्या डाव्या गालाचे जेवढे फोटो निघालेत, तेवढे कोल्हापुरात तयार झालेल्या एकाही सिनेमाच्या नायिकेचे निघाले नसतील. ही बढाई नाही. म्हणजे आहे, पण खरी आहे. त्यातले बहुतेक चारशेपट मोठे करून काढलेले. चार-पाच तर परदेशातल्या शास्त्रीय मासिकांत छापूनही आले. खाली माझं नाव नव्हतं, ‘निरोगी पुरुष’ एवढंच. मोठ्या दिमाखात बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, “त्यास्नी काय ठावं तुमी घोरताय किती.”

एकतीस वर्षं मी शहराच्या कडेला, माळावरच्या एका संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. गल्लीला मात्र प्रयोगशाळा म्हणजे रक्त-लघवी एवढंच माहीत. त्यामुळं सकाळी दार उघडावं तर पायरीवर कुणाची तरी बाटली उभी. शेजारच्या आप्पांनी एकदा सरबताच्या बाटलीतून नमुना पाठवला आणि मी आंघोळीला गेलेलो असताना घरच्यांनी ती आदरानं फ्रिजमध्ये ठेवली. त्या दिवशी दुपारी पाहुणे आले होते. पुढचं सांगत नाही.

तर मी करत काय होतो? सांगतो. तुम्ही कळंब्याचा तुरुंग बघितला असेल. बाहेरून म्हणतोय मी. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत तसा एक तुरुंग असतो, त्याला केंद्रक म्हणतात. आत कैदेत कोण, तर आपली सगळी खानदानी कागदपत्रं: आजोबांचं नाक, आईचा रंग, बापाचा तापटपणा. असला ऐवज उघड्यावर ठेवून कसं चालेल? म्हणून भोवती दुहेरी भिंत, जागोजागी फाटकं आणि आतल्या अंगाला एक जाळी. ती जाळी लॅमिन नावाच्या प्रथिनाची. आणि जाळी भिंतीला धरून ठेवणारे जे खिळे असतात, त्यातल्या एकाचं नाव एमेरिन. आमच्या मॅडमनी, म्हणजे वैशाली मॅडमनी, आख्खी हयात ह्या भिंतीत घालवली. मी त्यांच्या पाठीमागं घमेलं घेऊन उभा.

आता इतका बारीक खिळा दिसायचा कसा? त्याला मोनोक्लोनल अँटिबॉडी लागते. हे नाव ऐकून घाबरू नका. माझ्या मावशीची एक म्हैस होती. मावशीशिवाय कुणाच्या हाताला दूध द्यायची नाही. एकदा मावशी आठ दिवस माहेरी गेली, तर काकांनी तिची साडी नेसून, पदर-बिदर घेऊन धार काढायचा प्रयत्न केला. म्हशीनं साडी ओळखली, हात ओळखला नाही. काका पंधरा दिवस पालथे झोपत होते. मोनोक्लोनल म्हणजे ती म्हैस. जगातल्या लाखभर प्रथिनांतून तिला एकच हात कळतो. ती बनवतात उंदराच्या एका पेशीपासून. त्या पेशीचं एका न मरणाऱ्या पेशीशी लग्न लावायचं आणि तिचा वंश वाढवायचा. सगळी पोरं हुबेहूब एकसारखी, सगळ्यांना एकच ओळख पाठ.

ही अँटिबॉडी पेशींवर सोडली की ती जाऊन खिळ्याला चिकटते. मग तिच्या मागं दुसरी अँटिबॉडी सोडायची, तिच्या हातात दिवटी. मग स्लाइड घेऊन अंधाऱ्या खोलीत जायचं, मायक्रोस्कोपचा निळा झोत टाकायचा, आणि काळ्याभोर अंधारात गोल, बारीक, हिरवीगार बांगडी पेटते. भिंतीवर खिळे आहेत ह्याची ती पावती. पहिल्यांदा मी ती बघितली तेव्हा तासभर डोळा काढला नाही. मॅडम म्हणतात पाच मिनिटं. त्यांचं घड्याळ मागं असायचं.

चुका करायला इथं भरपूर वाव. कागलचे एक संशोधक आमच्याकडं काम करत. त्यांनी उंदरापासून बनवलेली अँटिबॉडी उंदराच्याच मांसावर टाकली. दिवटीवाल्याला हुकूम काय, तर उंदराचं जे दिसेल त्याला धर. त्यानं आख्खा उंदीर पेटवला. ते बिचारे ‘शोध लागला’ म्हणून पेढे घेऊन आले. पेढे आम्ही आधी खाल्ले, मग सांगितलं. आणि महापुरात तीन दिवस वीज गेली तेव्हा सगळ्या अँटिबॉडीच्या कुप्या मी मासळीवाल्याच्या बर्फात ठेवून वाचवल्या. कामाला उत्तम राहिल्या त्या. फक्त नंतर वर्षभर खोलीत कुणी कुपी उघडली की मांजरं खिडकीत यायची.

पण ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते वेगळं आहे, आणि त्यात माझी मर्दुमकी नाही.

आमच्याकडं एक कडक नियम होता. तपासायच्या प्रत्येक स्लाइडबरोबर एका निरोगी माणसाची स्लाइड चालवायची. कामाच्या भाषेत तिला कंट्रोल म्हणतात, मी साक्षीदार म्हणायचो. साक्षीदाराच्या पेशीत बांगडी पेटली तर आपलं काम बरोबर झालं, मग दुसऱ्या स्लाइडवर पेटली नसेल तर ती खरोखरच नाही. साक्षीदाराचीच बिघडली तर सगळं कचऱ्यात. गालाच्या आतून लाकडी काडीनं जराशा पेशी खरवडल्या की नमुना तयार, म्हणून मॅडमनी कायमचा साक्षीदार म्हणून मला नेमलं. एकच अट: तंबाखू, मावा, सुपारी बंद. कारण तो चुरा पेशींना चिकटून बसतो आणि त्या निळ्या झोतात आपोआप चमकतो, कुठलीही अँटिबॉडी न लावता. मी तिथल्या तिथं शपथ घेतली. शपथ घेताना ओठाखाली चिमूट होती, त्यामुळं ती जरा नाकातून आली. मॅडमना वाटलं सर्दी.

खोटं निभावून न्यायची माझी पद्धत होती. नमुना द्यायच्या दोन दिवस आधी बंद करायची, तोंड खळाखळा धुवायचं, काम झालं की परत चालू. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग एके दिवशी न कळवता भरत आला.

शिरोळ तालुक्यातला, सव्वीस वर्षांचा, ट्रॅक्टरवाला. बरोबर आई. तिला सगळे अक्का म्हणत, मुलगासुद्धा. भरतचे दोन्ही हात कोपरातून सरळ व्हायचे नाहीत. सतत न दिसणारं स्टिअरिंग धरल्यासारखा चालायचा, तेही चवड्यांवर, टाचा न टेकवता. घरचे म्हणायचे, बारा महिने ट्रॅक्टरवर बसून आखडलाय. चक्कर येऊन पडला म्हणून हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं, तर ठोके मंद आणि मधूनच एखादा गायब. ते डॉक्टर मॅडमच्या ओळखीचे. त्यांना कोपर आणि टाचा बघून शंका आली, की ह्याच्या पेशींत एमेरिनचा खिळा नसावा. तो नसला की स्नायू आखडतात आणि हृदयाची लय बिघडत जाते. माणूस चालता-बोलता जातो. तसं असेल तर छातीत पेसमेकर लगेच बसवायला हवा, सोमवारी तयारी ठेवतो, असं ते म्हणाले होते. नसेल तर औषध देऊन वाट बघता येईल.

मॅडमनी मायलेकांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, की आमची ही संशोधनाची जागा आहे, शेवटचा शब्द आमचा नाही. जनुकांची तपासणी बाहेरगावी पाठवू, पण तिला आठवडे लागतील. दोन दिवसांत दिशा तेवढी कळेल. सही घेतली. मग विचारलं, तंबाखू खाता का? भरत म्हणाला, “न्हाय ओ मॅडम.”

मला त्याच्या अंगठ्याच्या नखात चुना दिसला.

ह्या विषयात माझा अधिकार मोठा. पांढरी बारीक रेघ, नखाच्या उजव्या कोपऱ्यात, ताजी, सकाळची. मी तोंड उघडलं असतं तर काम तिथंच थांबलं असतं. पण त्याच्या नखाकडं बोट दाखवायचं तर आपलं नख खिशात घालावं लागतं, आणि मॅडमची नजर घारीची. मी गप्प बसलो. त्याच्या गालातून नमुना घेतला. साक्षीदार म्हणून माझ्याही गालातून घेतला, आणि माझ्या तोंडातला माल संपून जेमतेम तास झाला होता. खळखळून चूळ भरली, म्हटलं भागेल.

मॅडम परीक्षेच्या कामाला पुण्याला गेल्या. जाताना बजावून गेल्या, की स्लाइडी तयार करून ठेवा, बघायचं मी आल्यावर, आणि कुणाला काही सांगायचं नाही.

तयार करून ठेवल्या. पण इतकी वर्षं बांगड्या बघितलेला माणूस बघितल्याशिवाय राहील का? अंधाऱ्या खोलीत बसलो आणि डोळा लावला. भरतची स्लाइड चमकत होती. माझी लावली, तीही चमकत होती. दोन्ही एकसारख्या. गोलांच्या कडेनं उजेड होता. जरा जास्तच होता, जरा पिवळट होता, जिथं नको तिथंही होता. पण त्यात भरतचा फोन सकाळपासून तिसऱ्यांदा वाजला.

“पावणं,” भरत म्हणाला, “काय दिसलं काय ओ? अक्कानं सकाळधरनं पाणी बी घेतलं न्हाय.”

एवढ्या काकुळतीनं कुणी विचारलं की माझ्यासारख्याला देव झाल्यागत वाटतं. मी म्हणालो, “भिंत शाबूत हाय मर्दा. माझ्या भिंतीसारखी.”

पलीकडं तो हसला आणि त्याच्या आईला मोठ्यानं सांगताना ऐकू आलं. फोन तसाच चालू राहिला. बाईचं रडणं आणि हसणं एकदम चाललं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर जाऊन एक चिमूट लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. भरतची स्लाइड बघितली, माझी बघितली, परत भरतची. मायक्रोस्कोपला एक चाक असतं, ते फिरवलं की काच बदलते, हिरव्या उजेडाऐवजी फक्त लाल उजेड दिसतो. आम्ही त्या दिवशी लाल काही लावलंच नव्हतं, म्हणजे तिथं मिट्ट काळोख हवा. त्यांनी चाक फिरवलं आणि मला बघायला लावलं. भरतची स्लाइड लालभडक. माझीही.

खरी बांगडी एकाच काचेत दिसते. तंबाखू-सुपारी सगळ्या काचांत दिसते. हे मीच नव्या पोरींना दरवर्षी शिकवत आलो होतो.

मॅडमनी दिवा लावला आणि म्हणाल्या, “आनंदराव, आ करा.”

साठीला टेकलेला माणूस, पण केला. त्यांनी बघितलं. मी तोंड मिटलं. आता शिव्या पडणार म्हणून मान खाली घातली, तर त्यांनी एवढंच विचारलं, “त्याला काय सांगितलंत?”

मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. चूक पकडणाऱ्या माणसाचा नव्हता तो, कुणीतरी गमावलेल्या माणसाचा होता. भरतला फोन लावला, लागेना. डॉक्टरांना लावला, तर ते म्हणाले, पेशंटनं काल संध्याकाळीच कळवलं, मशीन नको, मी बरा आहे. वर त्यांनी हेही सांगितलं, की उसाचा हंगाम सुरू झालाय, तो आज ट्रॅक्टर बाहेर काढणार म्हणत होता. मागं दोन ट्रॉल्या, रस्त्यावर माणसं, आणि स्टिअरिंगवर ज्याचं हृदय मध्येच ठोका गिळतं असा चालक. मी स्कूटरची किल्ली घेतली. मॅडमनी अडवलं नाही. म्हणाल्या, “तुम्हीच सांगितलंत, तुम्हीच जा.”

त्या स्कूटरनं त्या दिवशी विमानाचा वेग घेतला, असं मी एरवी सांगतो. इथं नाही सांगत. ती नेहमीच्याच वेगानं गेली आणि मला तो पुरत नव्हता. प्रत्येक ट्रॅक्टरजवळ वेग कमी करून चालकाची कोपरं बघत गेलो.

भरत घरीच सापडला. अंगणात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडत होता. मला बघून त्याचं तोंड उजळलं. अक्का बाहेर आली. खुशखबर आणणारा पाहुणा दारात, मग काय विचारता. पाट मांडला, पोळी वाढली, वर तुपाची धार. शेजारच्या दोघी-तिघी मला बघायला आल्या. अक्का त्यांना म्हणाली, “ह्यांनीच बघितलं दुर्बिणीतनं.” मी घास हातात घेतला. तो तोंडात जाईना. आयुष्यात पहिल्यांदा पुरणपोळीनं मला हरवलं.

घास ताटात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. की मी तंबाखू खातो. की साक्षीदार मीच होतो आणि माझाच गाल खोटा होता. की तुझ्या नखातला चुना मी बघितला होता आणि स्वतःचं उघडं पडू नये म्हणून बोललो नाही. की भिंत शाबूत आहे की नाही ते मला माहीतच नाही.

शेजारणी निघून गेल्या. भरतनं हातातला पाना खाली ठेवला.

“काल शाबूत हुती,” तो म्हणाला. “आज न्हाय. मग ऐकायचं कुणाचं? तुमचं कालचं का तुमचं आजचं?”

“माझं ऐकूच नगो. परत नमुना दे.”

“आन् परवा तिसरंच सांगशीला. मी न्हाय यायचा. मला काय झालं न्हाय.” तो ट्रॅक्टरवर चढायला लागला. कोपरात सरळ न होणाऱ्या हातांनी त्याला स्वतःला वर ओढून घ्यायला वेळ लागत होता. मी पुढं होऊन आधार द्यायला गेलो, त्यानं झिडकारलं.

अक्का इतका वेळ माझ्या न खाल्लेल्या ताटाकडं बघत होती. ती उठली, ट्रॅक्टरजवळ गेली आणि म्हणाली, “चावी दे.”

“अक्का, तू मधी पडू नगंस.”

“तुझ्या मामाचं कोपर असंच हुतं. टाच बी टेकत न्हवती त्येची. चावी दे.”

मामा बत्तिसाव्या वर्षी शेतात पाणी पाजताना सरीतच पडला होता, एवढंच तिनं नमुन्याच्या दिवशी मला सांगितलं होतं, कोपराचं नाही. भरतनं तिच्याकडं बघितलं. काय दिसलं त्याला कोण जाणे, पण चावी काढून दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि मला म्हणाली, “जेवून घ्या. मग निघू.” मी जेवलो. त्या बाईला नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

डॉक्टरांनी भरतला त्याच संध्याकाळी दवाखान्यात ठेवून घेतलं आणि छातीला तारा लावल्या. तोंड साफ व्हायला मॅडमनी तीन दिवस दिले. तीन दिवस मी त्याच्या खाटेजवळ बसून होतो, रजा टाकून. दोघांच्या मध्ये बडीशेपेची पुडी. पहिला दिवस तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, दोघांचीही डोकी तंबाखूवाचून भणभणत असताना, तो भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “ही बडीशेप म्हंजे जनावराचा चारा हाय.” मी म्हटलं, जनावरं थुंकतील. मग त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं. मावशीच्या म्हशीची गोष्ट मी त्याला तेव्हाच सांगितली. हसताना मॉनिटरची शिट्टी वाजली आणि नर्सनं मला बाहेर काढलं.

चौथ्या दिवशी नमुने घेतले, तीन. भरतचा, साक्षीदार म्हणून मॅडमचा स्वतःचा, आणि अक्काचा. माझा गाल बडतर्फ झाला होता. अक्काचा कशाला, असं मी विचारलं नाही. विचारण्याचा हक्कच गमावून बसलो होतो.

स्लाइडी मीच केल्या. देवाची पूजा इतकी मन लावून कधी केली नाही. एकदा धुतलं, दोनदा, तीनदा. ह्या वेळी दोन अँटिबॉडी लावल्या, खिळ्याला हिरवी आणि जाळीला लाल. अंधाऱ्या खोलीत मॅडम आधी बसल्या. त्यांच्या स्वतःच्या पेशींत दोन्ही बांगड्या, हिरवी आणि लाल. भरतच्या पेशींत लाल बांगडी सुबक, गोल. भिंत होती, जाळी होती. चाक फिरवून हिरवी काच आणली आणि पुढं नुसता काळोख. मॅडमनी जागा बदलून बघितली. पुन्हा बदलली. मग मला बसवलं आणि मी बघितलं. एकही पेटलेली नव्हती.

भरतला सांगायचं काम मॅडमनी केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, ट्रॅक्टर चालवता येईल का? त्या म्हणाल्या, आधी मशीन बसू दे, मग ते डॉक्टरांना विचारू.

अक्का म्हणाली, “मला बघू द्या.”

असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिचीच स्लाइड लावली. मी दिवा बंद केला. अंधारात तिचा आवाज आला.

“काईंच्या हातात बांगडी हाय. काईंच्या न्हाय. बांगडीवाल्या कुणाच्या?”

“तुमच्याच,” मॅडम म्हणाल्या.

“आन् बिनबांगडीच्या?”

“त्याही तुमच्याच.”

मग मॅडमनी हळूहळू समजावलं. ह्या खिळ्याचा नकाशा बायकांकडं दोन प्रतींत असतो, आणि प्रत्येक पेशी त्यातली एक प्रत मिटून ठेवते. अक्काची एक प्रत चांगली, एक बिघडलेली, म्हणून तिच्या निम्म्या पेशी पेटतात, निम्म्या नाहीत. निम्म्यावर तिचं भागलं. पुरुषाकडं एकच प्रत असते. भावाच्या वाट्याला बिघडलेली आली, मुलाच्याही. कुणी कुणाला जाणून दिली नाही.

अक्कानं डोळा काढला नाही. तशीच म्हणाली, “त्या दिशी भाऊ म्हनला हुता, अक्का, चक्कर येतीया, जरा पडतो. मी म्हनलं, आधी पाणी फिरवून ये, मग पड.”

मॅडमनी अंधारातच स्टूल तिच्याजवळ ओढलं.

“ते घरात पडले असते तरी हृदय थांबलंच असतं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही पाठवलंत म्हणून नाही.”

“बरं वाटावं म्हनून सांगू नगा मला.”

“खरं सांगतेय.”

मग तिनं अंधारात माझ्या दिशेनं तोंड केलं. “पावणं, तुमी सांगा. खोट्यानं काय हुतंय ते तुमाला ठावं हाय.”

मी आयुष्यात हजार गप्पा मारल्या, हजार लोकांना हसवलं. पण माझ्या शब्दाला वजन आहे म्हणून कुणी थांबून राहिलं, असं त्या अंधारात पहिल्यांदा झालं. मी म्हणालो, “खरं हाय, अक्का. त्यांच्या बांगड्या पहिल्यापास्नंच न्हवत्या.”

ती पुन्हा डोळा लावून बसली. किती वेळ ते सांगत नाही, माझ्या घड्याळावर तुमचा विश्वास उरला नसेल. उठताना पदर डोळ्यांना लावला. त्याच पदराच्या टोकाला ट्रॅक्टरची चावी होती, ती टेबलावर खणकन् आपटली.

दुसऱ्या दिवशी मशीन बसलं. जनुकांचा अहवाल काही आठवड्यांनी आला, त्यात वेगळं काही नव्हतं. मधल्या त्या एका दिवसात, जेव्हा भरत माझ्या शब्दावर ट्रॅक्टर काढायला निघाला होता, त्याला काही झालं नाही, हा माझा गुण नाही. ते नुसतं नशीब. ही गोष्ट मी गल्लीत रंगवून सांगतो, पण तेवढं वाक्य अजून रंगवता आलेलं नाही.

मॅडमनी वर्षभरानं मला परत साक्षीदार केलं. निवृत्तीच्या दिवशी माझ्या पेशीचा एक मोठा फोटो चौकटीत घालून दिला. काळ्या पडद्यावर एकच हिरवी बांगडी. घरी येणाऱ्यांना मी ते खग्रास ग्रहण म्हणून सांगतो, कुणी शिकलेला दिसला तर शनीचं कडं.

भरत वर्षातून दोनदा मशीन दाखवायला कोल्हापूरला येतो. ते मशीन सगळं टिपून ठेवतं. हृदय कितीदा थांबू बघत होतं आणि मशीननं कितीदा ढकललं, डॉक्टर वाचून दाखवतात. आधी आकडे लहान होते, आता बरेच वाढलेत. तो ते मला सांगतो, जणू ट्रॅक्टरचं ॲव्हरेज. ट्रॅक्टर आता त्याचा चुलतभाऊ चालवतो, हा बांधावर उभा राहून त्याच्या चुका काढतो. अक्का प्रत्येक खेपेला पोळ्या पाठवते.

पण त्या डब्याला लगेच हात लावता येत नाही. भरत चवड्यांवर चालत उंबरा ओलांडतो, खुर्ची ओढून माझ्या समोर बसतो, मोबाइलची बॅटरी लावतो. पहिल्या दिवशी मला साहेब म्हणाला होता, मग पावणं. दवाखान्यातून निघताना त्यानं जे म्हणायला सुरुवात केली, ते मी दुरुस्त केलेलं नाही.

“आ करा, मामा.”

मी करतो. तो डावा गाल बघतो, उजवा बघतो, जिभेखाली बघतो, घाई करत नाही. मग बॅटरी बंद करतो आणि डबा माझ्याकडं सरकवतो.